ऑईल काळं पडलंय, मिस्त्रीमामा म्हणतात हात लावू नका

परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय. वडिलांची १९८८ ची अँबेसेडर, मार्क फोर, पेट्रोल, अकरा वर्षं दारात बंद उभी होती. वडील आता ७८ वर्षांचे, त्यांच्या हौसेखातर ताईंनी ६२ हजार खर्चून इंजिन पूर्ण करून घेतलं, म्हणजे बोअर, ओव्हरसाईज पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंगं, नवा कॅम, नवे टॅपेट (हे दोन्ही मिळून इंजिनच्या झडपा उघडतात), सगळंच. काम केलं वडिलांच्या काळापासूनच्या मिस्त्रींनी, ताई त्यांना लहानपणापासून मामा म्हणतात. पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी तासभर गॅरेजमध्ये स्लोवरच, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ठेवली होती. आता ४८० किलोमीटर झालेत आणि ऑईल मोजायच्या पट्टीवरचं ऑईल काळपट दिसायलंय. मामा म्हणतात पाच हजारापर्यंत ऑईलला हात लावायचा नाही, पहिलं ऑईल इंजिनात मुरू द्यायचं. पुण्यातला भाऊ म्हणतो आत्ताच काढ आणि फुल सिंथेटिक टाक. वडील म्हणतात चार लिटर नवं ऑईल ओतून देणं म्हणजे पैशाला पाणी. ताई इंजिनला जपायचं म्हणून गाडी रस्त्यावर फार काढत नाहीत, रोज सकाळी अर्धा तास अंगणातच चालू ठेवतात. अठरा दिवसांनी अंबाजोगाईला भाचीचं लग्न आहे, वडिलांना याच गाडीत बसून जायचंय. ऑईल आत्ता बदलू का लग्न झाल्यावर, आणि बदललं तर मामांना वाईट वाटणार नाही असं कसं करू, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी उत्तर देतो म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. ऑईल याच आठवड्यात बदला, फिल्टरसकट. साधं मिनरल टाका, सिंथेटिक आत्ता नको. आणि ते रोज अंगणात अर्धा तास चालू ठेवायचं आहे ना, ते आजपासून बंद, खरं सांगायचं तर मला तुमच्या पत्रात ऑईलपेक्षा जास्त काळजी त्या अर्ध्या तासाची वाटली.

आता हे असं का, ते नीट सांगतो, कारण तुमच्याकडं तीन माणसं तीन गोष्टी सांगायलेत आणि तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, त्यामुळंच तुमचा गोंधळ झालाय.

तुमच्या घरात जातं होतं का? वडिलांना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणारी बाई यायची, छिन्नीनं दगडावर बारीक बारीक खाचा पाडायची. आणि टाकी लावल्यावर पहिलं दळण कुणी खायचं नाही. मूठ-दोन मूठ धान्य नाहीतर कोंडा घालून दळायचं आणि ते टाकून द्यायचं, कारण त्यात दगडाची कच यायची, भाकरी दाताखाली करकरायची. ते पीठ टाकताना कुणाला वाटायचं नाही की धान्य वाया गेलं. त्या धान्याचं कामच तेवढं होतं, कच घेऊन बाहेर यायचं.

तुमच्या इंजिनात हुबेहूब हेच झालंय. लेथवाल्यानं बोअर केल्यावर होनिंग केलं असणार, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडल्या असणार. ती टाकीच आहे. त्या रेघांमध्ये ऑईल धरून राहतं, आणि रेघांची वरची टोकं नव्या रिंगांवर घासून झिजतात, रिंगाही थोड्या झिजतात, दोघं एकमेकांच्या मापाचे होतात तेव्हा कुठं रिंगा बसल्या असं म्हणायचं. ही झिजलेली टोकं जातात कुठं? ऑईलमध्ये. त्यात कॅम आणि टॅपेटची सुरुवातीची घासणी, बेअरिंगांची थोडीफार, इंजिन बांधताना लावलेलं ग्रीस, पॅकिंगला लावलेल्या शेलॅकचे नाहीतर सिलिकॉनचे तुकडे, ब्लॉक नीट धुतला नसेल तर लेथवरची कच, पुसायच्या कपड्याचे धागे, सगळं येऊन चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्यात जमतं. पहिलं ऑईल वंगणाचं काम करतंच, पण त्याचं मोठं काम हे सगळं धुऊन घ्यायचं आहे. ते काम तुमच्या ऑईलनं ४८० किलोमीटरात बरंचसं केलंय. ते खराब झालं म्हणून काढायचं नाहीये, त्याचं काम झालं म्हणून काढायचंय, आणि पैसे वाया जायलेत म्हणणाऱ्या वडिलांना तुम्ही हे जात्याचं सांगितलं तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

फिल्टर आहे की मग, तो कशाला बसवलाय, असं मामा म्हणतील. फिल्टर मोठी कच धरतो, पण अगदी बारीक धातू त्यातून निघून जातो आणि बेअरिंगमधला ऑईलचा पदर केसापेक्षा कितीतरी पातळ असतो, तिथं ती बारीक कच पुरेशी असते. दुसरं म्हणजे फिल्टर भरत आला की त्यातली बायपासची झडप उघडते, इंजिन कोरडं पडू नये म्हणून ती सोय आहे, पण त्या वेळी न गाळलेलं ऑईल सरळ बेअरिंगांकडं जातं. नव्या इंजिनचा पहिला फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरतो. म्हणून नुसतं ऑईल बदलून जुना फिल्टर तसाच ठेवला तर अर्धं काम झालं.

आता काळ्या रंगाचं. तुम्ही घाबरून लिहिलंय की ऑईल एवढ्यात काळं कसं पडलं. ताई, रंगावर जाऊ नका. रिंगा बसायच्या आधी जळालेला वायू थोडा खाली उतरतोच, त्याची काजळी ऑईल धरून ठेवतं, धरावीच म्हणून त्यात डिटर्जंट असतं. त्यात इंजिन बांधताना मिस्त्री जे ग्रीस लावतात ते बऱ्याचदा मुळातच काळं असतं, तेही त्यात विरघळतं. काळं ऑईल म्हणजे बिघाड असं नाही, आणि सोन्यासारखं पिवळं ऑईल म्हणजे सगळं ठीक असंही नाही, जड कच तळाशी बसते, पट्टीला लागतच नाही. पट्टी तुम्हाला ऑईल किती आहे ते सांगते, आत काय आहे ते सांगत नाही. आत काय आहे ते बघायचं तर ऑईल बाहेर काढूनच बघावं लागतं, आणि लवकर बदलायचं माझ्या दृष्टीनं अर्धं कारण हेच आहे, बघायला मिळतं.

हे मी अनुभवानं बोलतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या फियाटचं इंजिन एका गॅरेजात करून घेतलं होतं. तीन हजारापर्यंत काही करू नका म्हणाले, मी पण काही केलं नाही. एकोणीसशे किलोमीटरला चौकात गाडी थांबली की ऑईलचा दिवा लुकलुकायला लागला. ऑईल काढलं तर घमेल्यात तांबूस चमक, मेन बेअरिंगावर चरे पडलेले. क्रँक ग्राइंड केल्यावर त्यातली ऑईलची भोकं नीट धुतलीच नव्हती, कच आतच राहिली होती. आता पाचशेला ऑईल बदललं असतं तर ती कच गेली असती असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण पाचशेला ती तांबूस चमक दिसली असती, आणि बेअरिंग बदलून भागलं असतं, क्रँक दुसऱ्यांदा लेथवर चढवायची वेळ आली नसती. तेव्हापासून कुणाचंही इंजिन नवं झालं की मी एकच म्हणतो, पहिलं ऑईल लवकर काढा आणि काढलेलं उन्हात नेऊन बघा.

मग किती किलोमीटरला? खरं तर काही जण पहिल्या अर्ध्या तासाच्या चालवण्यानंतर, नाहीतर पन्नासेक किलोमीटरलाच पहिलं ऑईल काढतात, नवा कॅम असेल तर ते चांगलंच. तुमचं ते राहिलं, राहू द्या. दुसरा टप्पा पाचशेचा, तिथं तुम्ही आत्ता उभ्या आहात. त्यानंतर साधारण दीड हजाराला एकदा, फिल्टरसकट, आणि मग दर चार हजाराला नाहीतर वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. आपल्याकडची धूळ बघता मी पाच हजार ओढणार नाही. आणि मामांना हे सांगा की ही आजकालची नेटवरची टूम नाही, अँबेसेडरचं इंजिन मुळात बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं, आणि त्या काळच्या बीएमसीच्या नव्या गाड्यांनासुद्धा पहिल्या ५०० मैलाला, म्हणजे आठशे किलोमीटरला, पहिलं ऑईल काढून टाकायला सांगितलेलं असायचं. तेव्हा तर इंजिन कारखान्यात बनून यायचं, आपलं गावातल्या लेथवर झालंय.

आता त्या अंगणातल्या अर्ध्या तासाकडं येतो. तुमचा हेतू मला कळतो, नवं इंजिन आहे, खड्ड्यातून कशाला पळवायचं, सावलीत हळू हळू फिरू दे. पण रिंगा बसतात त्या दाबानं. पेट्रोल पेटलं की त्याचा दाब रिंगेच्या मागं शिरतो आणि रिंग भिंतीवर दाबली जाते. स्लोवर गाडीला ओझंच नसतं, दाब तयारच होत नाही, रिंग नुसती वरवर फिरते आणि भिंतीवर जळालेल्या ऑईलचा काचेसारखा गुळगुळीत थर चढतो. टाकी बुजली की जातं दळत नाही, तसंच हे. एकदा तो थर चढला की गाडी कायमची ऑईल खाते आणि मग इंजिनचं डोकं, म्हणजे हेड उघडून परत होनिंग करायला लागतं. त्यात थंड इंजिन, चोक ओढलेला, जास्तीचं पेट्रोल भिंतीवरून धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ करतं, ते वेगळंच. इंजिनला जपायचं म्हणजे उभं ठेवायचं हा समज सोडून द्या ताई. याला जपायचं असेल तर चालवा.

चालवायचं कसं? सकाळी लवकर निघा, उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारी पारा बेचाळीसच्या पुढं जातो, नवं घट्ट इंजिन आधीच जास्त तापतं. दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या आणि निघा, पहिले पाच-सात किलोमीटर सावकाश. मग मोकळ्या रस्त्यावर, जिंतूर रोड घ्या नाहीतर गंगाखेड रोड घ्या, थर्डमध्ये किंवा टॉपमध्ये चाळीसपासून साठपर्यंत बऱ्यापैकी जोर देऊन न्या, ॲक्सिलरेटर दाबून, घाबरत घाबरत नाही, आणि साठला पाय पूर्ण काढून गाडी गिअरमध्येच चाळीसवर येऊ द्या. पाय काढल्यावर सिलिंडरात जी ओढ तयार होते ती थोडं ऑईल वर रिंगांपर्यंत आणते आणि कच धुऊन नेते. असं दहा-पंधरा वेळा करा, मागं-पुढं गाडी नसताना. मग नेहमीसारखं चालवा, पण एकाच वेगानं तासभर नको, वेग बदलत राहा. टॉप गिअरमध्ये तीसनं घुसमटत चढ चढवू नका, त्यानं बेअरिंगांना मार बसतो, एक गिअर खाली घ्या. हजारापर्यंत सत्तरच्या आत ठेवा आणि पाच माणसं आणि डिकी भरून सामान असं करू नका.

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदा चालू केल्यावर गाडी तासभर स्लोवर ठेवली होती. हे वाचून मी थोडा थांबलो. या इंजिनातले टॅपेट चपट्या बुडाचे, ते कॅमच्या गोळ्यावर घासत फिरतात, आणि कॅमला ऑईल बरंचसं मिळतं ते खाली क्रँक फिरताना उडालेल्या शिंतोड्यांतून. स्लोवर शिंतोडे कमी. म्हणून नवा कॅम असेल तर पहिली वीस मिनिटं इंजिन दोन हजार ते अडीच हजार आरपीएमवर ठेवतात, वर-खाली करत, स्लोवर येऊच देत नाहीत. तुमचं ते झालं नाही. पण लगेच धसका घेऊ नका, अँबेसेडरच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा काही रेसच्या गाडीसारख्या कडक नसतात, अशी कितीतरी इंजिनं या चुकीतून सहीसलामत सुटतात. फक्त ऑईल बदलायच्या दिवशी मामांना टॅपेटची गॅप तपासायला सांगा, आठही, आणि आकडे वहीत लिहून ठेवा. परत हजाराला तपासा. सगळ्यांची थोडी थोडी बदलली तर बसणी झाली समजा. एखाद्याचीच गॅप बाकीच्यांपेक्षा बरीच वाढली, परत सेट केली आणि परत वाढली, तर त्या जागचा कॅम झिजायलाय, मग गाडी थांबवा. टॅपेट कव्हर उघडलंच आहे तर हेड टाईट करायचं का ते मामांना विचारा, नवं पॅकिंग असल्यावर पाचशेला बहुतेक मिस्त्री करतात.

भावाच्या सिंथेटिकबद्दल. भावाचं चुकीचं आहे असं नाही, आजकालच्या नव्या गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात आणि त्यांच्या रिंगा बसतातच. पण त्यांच्या सिलिंडरची भिंत कारखान्यात वेगळ्या पद्धतीनं घासून तयार केलेली असते, आपल्या लेथवरचं होनिंग तसं असेलच असं नाही, आणि हजार किलोमीटरनं जे परत ओतूनच द्यायचंय त्याच्यावर दुप्पट-तिप्पट पैसे कशाला घालायचे. २०डब्ल्यू-५० (हा ऑईलच्या जाडीचा आकडा, डब्यावर असतो) मिनरल पाच लिटर घ्या, चार लिटरच्या वर लागेल, उरेल ते राखून ठेवा, दीड-दोन हजारात काम होतं. भाऊ त्याच्या पुण्याच्या गाडीत टाकतो तसलं ५डब्ल्यू-३० नाहीतर ०डब्ल्यू-२० चुकूनही टाकू नका. ते आपल्या उन्हाळ्यात या जुन्या घडणीच्या इंजिनला पातळ पडतंच, पण आणखी एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. चपट्या टॅपेटला ऑईलमधलं झिंक-फॉस्फरसचं मिश्रण लागतं, दोन धातू घासताना तेच मध्ये थर धरतं. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फॉस्फरसनं खराब होतो म्हणून ते कमी करत आणलं, २००४ ला आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) च्या एसएम दर्जापासून या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर चालत नाही. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागू नाही, म्हणून त्यात ते बऱ्याचदा जास्त असतं. गावात चांगलं २०डब्ल्यू-५० मिळालंच नाही तर सीआय-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४० डिझेलचं ऑईल घ्या, त्यातही हे मिश्रण चांगलं असतं, पेट्रोल गाडीला चालतं. दुकानदार वरून ट्रीटमेंटची बाटली देईल, ती नका घेऊ.

आणि कुणी म्हणालं की ऑईल काढल्यावर रॉकेल नाहीतर डिझेल टाकून दोन मिनिटं इंजिन फिरवून धुवू, तर हात जोडून नाही म्हणा. नव्या बेअरिंगांना ते दोन मिनिटंसुद्धा नकोत. गरम असताना ऑईल काढलं आणि अर्धा तास ठिबकू दिलं की पुष्कळ धुतलं जातं.

काढायच्या दिवशी मात्र घाई करू नका. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे कच वर तरंगत असेल. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकाला दगड, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, मामांच्या गॅरेजात खड्डा असेल तर तिथंच न्या. खाली काळं घमेलं नको, पांढरा प्लास्टिकचा टब ठेवा, धुऊन कोरडा केलेला. हात जपा, ऑईल चटका देतं. ऑईल काढायच्या नटाचा तांब्याचा वायसर नवा घाला, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे पण त्याच्यावाचून गळत राहतं.

ऑईल टबात जमलं की तो उन्हात न्या. जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा घेऊन त्यातून थोडं थोडं गाळा, शेवटचं तळाचं तर नक्की. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून टबाच्या तळाशी फिरवा. चुंबकाला करड्या रंगाची, चिखलासारखी मऊ पूड लागली, बोटात चोळली तरी कण लागत नाहीत, उन्हात फक्त चंदेरी झाक दिसते, तर ते अगदी बरोबर आहे, तेच यायला पाहिजे होतं. चुंबकाला सुईसारखे नाहीतर पापुद्र्यासारखे तुकडे चिकटले तर कॅम, टॅपेट किंवा रिंगेकडं संशय. चुंबकाला न चिकटणारे पांढुरके तुकडे म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. तांबूस-पिवळी चमक म्हणजे बेअरिंग, माझ्या फियाटसारखं. ऑईलला पेट्रोलचा भपकारा आणि पट्टीवरची पातळी आधीपेक्षा वाढलेली, तर चोक जास्त वापरला जायलाय नाहीतर पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय, हे नवं ऑईल भरायच्या आधीच बघायचं, नाहीतर तेही पातळ होणार. दुधाळ, चहाच्या सायीसारखं दिसलं तर पाणी आहे. रोज अर्धा तास स्लोवर ठेवल्यानं थोडी वाफ साचून झाकणाखाली तसं होऊ शकतं, पण चेंबरमधून तसंच आलं तर हेडचं पॅकिंग तपासा.

फिल्टरच्या भांड्यात कागदाचा फिल्टर असेल तर तो फेकायच्या आधी ब्लेडनं कापून घड्या उलगडा, पांढऱ्या कागदावर दाबून ऑईल काढा आणि बघा, टबापेक्षा तिथं जास्त कळतं. भांड्याची वरची रबरी रिंग नवी टाकताना जुनी खाचेत चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या की चालू केल्या केल्या सगळं ऑईल रस्त्यावर. भरून झालं की कॉईलची बारीक वायर काढून, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, स्टार्टर थोडा थोडा मारा, ऑईलचा दिवा विझेपर्यंत, मग वायर जोडून चालू करा. पाच मिनिटांनी बंद, थोडं थांबून पट्टी बघा, खाली वाकून गळती बघा.

आता मामा. तुम्हाला वाटायलंय की ऑईल बदललं म्हणजे त्यांच्या कामावर विश्वास नाही असं होईल. मला हा समज थोडा तपासून बघावासा वाटतो. पाच हजार म्हणणारा माणूस निष्काळजी असेलच असं नाही, ज्या गिऱ्हाइकांच्या गाड्या त्यांनी आयुष्यभर केल्या त्यांच्याकडं दुसऱ्यांदा ऑईलला पैसे नसायचे, मग मिस्त्री काय सांगणार, चालू द्या. त्यांची ती सवय आहे. तुम्ही परस्पर दुसऱ्या गॅरेजात जाऊन बदललं आणि त्यांना नंतर कळलं तर मात्र खरंच वाईट वाटेल. म्हणून ऑईल, फिल्टर, वायसर तुम्ही विकत घ्या, गाडी त्यांच्याकडंच न्या आणि म्हणा, मामा, ऑईल मी आणलंय, नट तुम्ही खोला, आपण दोघं बघू आत काय निघतंय, मला शिकायचंय. वडिलांनाही खुर्ची टाकून बसवा. चांगली करडी पूड निघाली तर त्यांच्या कामाची पावती सगळ्यांसमोर मिळाली, आणि वेगळं काही निघालं तर ज्यानं इंजिन बांधलं त्याच्या डोळ्यांदेखत निघालं, वादाला जागा उरत नाही. आणि ताई, शिक्षिका आहात, प्रश्न विचारायचा संकोच तुम्ही तरी करू नका, गाडी तुमची आहे, ६२ हजार तुमचे गेलेत.

वडिलांना वही द्या. रोज सकाळी थंड गाडीची पट्टी बघून तारीख, किलोमीटर आणि ऑईल कुठं आहे ते लिहायचं. सुरुवातीला ऑईल थोडं उतरेल, सायलेन्सरातून निळसर धूर येईल, आणि दीड हजारापर्यंत दोन्ही कमी होत गेलेलं त्या वहीत दिसलं पाहिजे. कमी होत नसेल तर रिंगा बसल्या नाहीत, मग मला परत लिहा, वहीतले आकडे धाडा.

काढलेलं ऑईल कुठं टाकायचं हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, कारण आपल्याकडं ते गोठ्याच्या खांबाला फासतात, वाळवीसाठी मुळाशी ओततात, जनावराच्या जखमेला लावणारेही मी बघितलेत. वापरलेल्या ऑईलमध्ये कॅन्सर करणारे घटक असतात, आणि तुमच्या-माझ्याकडं पाणी बोअरचं आणि विहिरीचं, जमिनीत ओतलेलं शेवटी तिथंच जातं. कायद्यानंही ते घातक कचऱ्यात मोडतं. नव्या ऑईलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑईल गोळा करून अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजात द्या, हात साबणानं धुवा.

राहिलं लग्न. आज-उद्यात ऑईल बदललं तर तुमच्याकडं निदान पंधरा दिवस उरतात. त्यात रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, म्हणजे जायच्या आधी तीनशेक किलोमीटर नव्या ऑईलवर होतील. गळती असेल, नट सैल असेल, फिल्टरची रबरी रिंग नीट बसली नसेल, तर ते पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरातच दिसतं, म्हणून लग्नाच्या आदल्या रात्री ऑईल बदलायचं नाही, मुळीच नाही. टबात तांबूस चमक नाहीतर तुकडे निघाले तर लग्नाला एसटीनं जायचं, वडिलांना आत्ताच तशी कल्पना देऊन ठेवा. सगळं ठीक निघालं तर खुशाल न्या, तुम्ही, वडील आणि फार तर आणखी दोघं, आहेराची पातेली आणि बॅगा दुसऱ्या गाडीत. उजाडायच्या आत निघा, परळीत चहाला थांबाल तेव्हा पंधरा मिनिटं इंजिन निवू द्या, पट्टी बघा, गाडीखाली एकदा वाकून बघा, आणि राखून ठेवलेलं उरलेलं ऑईल डिकीत असू द्या. परळीच्या पुढं अंबाजोगाईकडं चढ आहे, तिथं टॉपचा हट्ट न धरता थर्डमध्ये घ्या.